गठ्ठा नीट लागला तेव्हा

माझा धाकटा भाऊ शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. पन्नाशी उलटली तरी लग्न नाही. विषय काढला की म्हणतो, "ताई, भाजी छान झालीय." असा बिलंदर! राहतो पलीकडच्या गल्लीत, जेवतो माझ्याकडे.

कॉम्प्युटरमध्ये मात्र त्याचा हात धरणारं कुणी नाही. सत्र संपलं की प्रत्येक मुलाच्या घरी गुणांचा तक्ता आणि त्याच्या मागे वर्गशिक्षिकेचं पत्र, अशी जोडी जाते. त्यासाठी ह्यानं मॅक्रो लिहिलाय. म्हणजे बटण एकदाच दाबायचं, कॉम्प्युटर आपणहून सगळ्यांचे कागद प्रिंटरकडे धाडतो. पण तक्त्यात आलेख असतात, त्याला वेळ लागतो. पत्र हलकं. तक्ता तयार होईतो पत्रं मध्येच घुसायची आणि बाहेर पडायचा नुसता सावळागोंधळ.

मग हा आणि ग्रंथपाल बाई वाचनालयात दुपारभर बसून ते कागद जुळवायचे. बाई एकट्याच, मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली. सगळी शाळा ह्याला 'भाऊ' म्हणते, बाई मात्र 'अहो, हे पाहिलंत का?' म्हणतात. हे त्याच्याच तोंडून ऐकलं तेव्हा माझे कान टवकारले. पण म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा.

या खेपेला जुळवताना एक कागद चुकला. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीच्या घरी पत्र गेलं, 'आपली मुलगी वर्गात झोपते.' तिचे वडील तरातरा शाळेत आले. मुख्याध्यापिकांनी ह्याला बोलावून सांगितलं, "पुन्हा असं झालं तर हे काम बाहेर देईन."

त्या दिवशी स्वारी जेवायला आली ती तोंड पाडून. मी म्हटलं, "अरे, एवढा शहाणा तू, तुला हे दुरुस्त करता येत नाही?"

"येतं की. पहिल्यापासून येतं. एक कागद छापून बाहेर पडेपर्यंत दुसरा पाठवायचा नाही, एवढंच मॅक्रोला सांगायचं. चार ओळींचं काम."

"मग केलं का नाहीस?"

तो ताटात बोटानं रेघोट्या ओढत बसला. कान लालबुंद. काय समजायचं ते मी समजले.

"अरे गाढवा! लोकांच्या पोरांना कशाला वेठीला धरतोस? देवानं तोंड दिलंय ना? विचार त्यांना!"

"आणि नाही म्हणाल्या तर? आत्ता निदान ती दुपार तरी मिळते."

मला भरून आलं. माझा भाऊ एका दुपारवर इतकी वर्षं काढतोय आणि मला पत्ता नाही! पण आवाज चढवूनच म्हटलं, "आधी ते कागद ताळ्यावर आण. मग तुझं तू बघ."

आणले त्यानं. पुढच्या सत्राला मॅक्रो एकेक कागदासाठी थांबत राहिला. वेळ दुप्पट लागला, पण तक्ता, पत्र, तक्ता, पत्र, गठ्ठा अगदी ओळीनं निघाला. तो घेऊन हा वाचनालयात गेला. पुढचं मी त्याच्याकडून शब्द न् शब्द वदवून घेतलंय.

बाईंनी बरेच कागद उलटून पाहिले. "सगळं जागच्या जागी आहे," म्हणाल्या. "म्हणजे आता माझं काही काम नाही." आणि चष्मा काढून ठेवला.

"काम नाही," हा म्हणाला. "मला हे पहिल्यापासून दुरुस्त करता येत होतं. मुद्दाम नाही केलं. तुम्ही... कामाशिवाय बसाल का माझ्याबरोबर?"

बाई उठल्या. गठ्ठा उचलून दाराकडे निघाल्या. ह्याला वाटलं, संपलं सगळं. त्यांनी शिपायाला हाक मारली, "हे वर्गावर्गात पोचवा," म्हणून गठ्ठा त्याच्या हाती दिला, आणि परत येऊन, समोरची नेहमीची खुर्ची सोडून, ह्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.