भाऊ म्हणजे गुंताबाई

भिकुबाईचं देवाशी रोज भांडण व्हायचं आणि बहुतेक वेळा तीच जिंकायची, कारण समोरचा बोलायचाच नाही. एरवी ती पिंप्राळ्यातली मांड्यांची महाराणी. पुरणाचा मुठीएवढा उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ती परातीहून मोठा करायची आणि तापल्या खापरावर असा अलगद टाकायची, की लग्नघरातली माणसं वरात सोडून चुलीपाशी गोळा व्हावीत.

त्या रविवारी चर्चमध्ये हंगामाचा सण होता. भिकुबाई अर्पणाची मांड्यांची टोपली घेऊन वेदीकडे निघाली. पास्टर प्रेमराज एक डोळा टोपलीवर ठेवून उपदेश करत होते. भावाचं मन तुम्ही दुखावलं असेल तर अर्पण तिथंच ठेवा, म्हणाले, आधी जा, समेट करा, मग या.

भिकुबाईचा पाय जागीच थांबला.

पलीकडच्या गल्लीतली गुंताबाईही मांडेच करायची, आणि झकास करायची. तेच खुपत होतं. गेल्या उन्हाळ्यात भिकुबाईनं आवई उठवून दिली, गुंता पिठात मैदा मिसळते. साफ खोटं! पण तेव्हापासून गुंताला एका लग्नाचं बोलावणं आलं नव्हतं.

"प्रभू," भिकुबाई पुटपुटली, "तुन्हा पुस्तकमा भाऊ लिखेल शे. गुंता काय भाऊ शे का? बाई शे ती!"

देव नेहमीसारखा गप्प. आज मात्र ते गप्प बसणं तिला सोसवेना. टोपली खाली ठेवून ती तडक बाहेर पडली. पास्टरांचा उपदेश अर्ध्यावर अडकला.

गुंताबाई ओट्यावर तूर निवडत होती.

"मैदाबद्दल मी खोटं बोलनू, गुंता. देवनी धाडं माले."

"देवले सहा महिना लागनात का?"

"देवले नही. माले लागनात."

"मंग मन्हा कानमा सांगीसन काय फायदा? चुडामणआबाले सांग."

चुडामणआबांच्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं आणि मांडे भिकुबाईकडे होते. सांगावं तर नाव जातं, न सांगावं तर वर बसलेला आहेच. तिनं मोबाईल काढला.

"आबा, गुंताच्या पिठात मैदा कधीच नव्हता. ती थाप माझी."

आबा म्हणाले, "खरं बोललात, बरं केलंत. पण मांडे आता गुंताबाईच करतील."

फोन बंद झाला. भिकुबाईनं वर पाहिलं. "झायं का समाधान?"

वरून नाही, ओट्यावरून उत्तर आलं. "माले दोन हात कमी पडतीन. पुरण वाटाले ये."

पुरण वाटायला! गेल्या वीस वर्षांत भिकुबाईनं खापर सोडून दुसरं काही हाती धरलं नव्हतं. तिनं पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला.

"कितला वाजता?"

"लगीनना दिन, सकायमा सहाले. आनि तोंड बंद ठेवजो."