पाच जणांचा बेल कर्व्ह

घोडबंदर रोडच्या आमच्या ऑफिसातला मॅनेजर प्रत्येक गोष्ट सरासरीला लावून बघतो. चहा आला की "आज सरासरीच्या वर." शीळफाट्याला अडकून आला की "एवढा जॅम शंभरात दोनदाच." आवाज कधी चढवत नाही, त्यानेच माझं डोकं फिरतं.

यंदा अप्रेझलला त्याने फळ्यावर बेल कर्व्ह, म्हणजे रेटिंगचा घंटेसारखा आलेख, काढला. मधल्या फुगवट्यात आम्ही तिघं, उजव्या टोकाला एक आणि डावीकडे, म्हणजे सगळ्यात खाली, बाळंतपणाच्या रजेवर गेलेली आमची मैत्रीण.

"अहो, पाच माणसांचा कसला बेल कर्व्ह? नववा लागेपर्यंत राबली ती!" मी म्हटलं.

"मॅडम, कोणीतरी शेपटीत जाणारच ना," म्हणत त्याने मार्करला टोपण लावलं.

परवा ती पेढे घेऊन आलेली. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. दोन पेढे खाऊन त्याने बाळाचं वजन विचारलं.

"अडीच किलो, सर."

डोळे मिटून त्याने हिशेब केला. "सरासरीच्या खाली आहे. पण घाबरू नका, शंभरातली वीसेक बाळं याहून हलकी असतात."

तिचा चेहरा पडला. त्याचा हात तिसऱ्या पेढ्याकडे गेला, तेव्हा मी बॉक्सच उचलला.