सरजाबाईंची कडबा कुट्टी

वालूरच्या सरजाबाईंच्या दारात गाय नव्हती, म्हैस नव्हती आणि बैल तर त्यांनी जन्मभर लांबूनच पाहिले. जनावर म्हणावं असं त्यांच्याकडे काय ते एक कोंबडी. तीसुद्धा दिवसभर शेजारच्या धुरपताबाईंच्या उकिरड्यावर चरून संध्याकाळी फक्त मुक्कामाला येणारी. तरीही सरजाबाईंचा उजवा हात कोपराखालून गेला तो घरच्या कडबा कुट्टीत, म्हणजे गुरांची वैरण कापायच्या मशीनमध्ये, असं पोलिसांच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं आहे. खाली त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आहे. उजवा तोवर उरला नव्हता.

हे असं कसं झालं, ते समजायचं तर आधी व्यंकटराव समजले पाहिजेत.

सेलूला कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये सरजाबाईंनी बावीस हंगाम काढले. नवरा वारला तेव्हा सुकेशनी चार वर्षांची होती. तिला ओच्याशी धरून ही बाई जिनिंगच्या फाटकातून आत गेली आणि कापसातली किडकी कवडी आणि कचरा वेचायला बसली. हात चाले तशी जीभही चाले. एकदा शेठजींनी नवी मोटार आणली आणि बायांना लांबूनच दाखवली, तर ह्या म्हणाल्या, "शेठ, लय झ्याक हाय. आमच्या संडासाला असंच एक दार बसवा." बाया हसल्या, शेठजीही हसले. दार मात्र बसलं नाही.

व्यंकटराव तिथले मुकादम. पहिल्याच हंगामात हा माणूस तापानं फणफणला, तेव्हा पंधरा दिवस सरजाबाईंच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि गाडगंभर कढण खाऊन उठला. उठला तो 'अक्का' म्हणतच. यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा. पण एकदा अक्का म्हटलं की मराठवाड्यात पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. दर दिवाळीला व्यंकटरावांकडून लुगडं येई. सुकेशनीच्या लग्नात मामा म्हणून तेच उभे राहिले. पत्रिकेत आपल्या नावापुढं 'मुकादम' हवंच, असा त्यांचा हट्ट होता. छापखान्यात जाऊन स्वतः बघून आले. वर अक्षर बारीक पडलं म्हणून दोन दिवस रुसले. सरजाबाईंनी पुरणपोळी करून तो रुसवा काढला.

तर जिनिंगमधल्या मशीन फिरवणाऱ्या पट्ट्याला, कोणाचा हात जाऊ नये म्हणून, एक लोखंडी जाळी होती. दिवाळीआधी ती दुरुस्तीसाठी काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. तिथं ती इतकी सोयीची झाली की बाया तिच्यावर डोक्याची फडकी वाळत घालू लागल्या. व्यंकटरावांनी शेठजींना तीनदा सांगितलं. सांगितलं हे सरजाबाईंनी कानांनी ऐकलं. शेठजी तिन्ही वेळा म्हणाले, "संक्रांत होऊ द्या."

संक्रांतीला दोन दिवस असताना पट्ट्याखाली सांडलेला कापूस ओढायला सरजाबाई वाकल्या. पदर आधी गेला, मग हात.

परभणीला नेताना जीपमध्ये त्यांचं डोकं व्यंकटरावांच्या मांडीवर होतं. स्वतःच्या धोतराचा सोगा फाडून त्यांनी हात आवळून धरला होता आणि ते रडत होते. रडतारडताच म्हणाले, "अक्का, ऐक. दवाखान्यात पोलीस इचारतील. घरी कडबा कुट्टीत गेला म्हन."

"कामून?"

"केस झाली तर जिनिंगला कुलूप लागतंय. भर हंगामात साठ बाया घरी बसतील. शेठनं शब्द दिलाय, तुला जन्मभर पोसतो म्हनून. बसून खायाचं काम देतो. मी हाय ना मधी."

सरजाबाईंना भोवळ येत होती. साठ बायांची नावं त्यांना पाठ होती. आणि मधे व्यंकट होता. त्या कबूल झाल्या. ज्याच्या मांडीवर डोकं आहे, त्याच्याकडून कोणी लिहून घेत नाही.

गावात परतल्यावर त्या कडबा कुट्टीनं फार छळलं. धुरपताबाई रुसल्या: "एवढी मशीन आणली अन् मला दावली बी न्हाई? मी काय नजर लावते का?" देवगाव फाट्याचा एक गृहस्थ मोटरसायकलवर आला. अपघाताची मशीन आहे, घरात ठेवणं बरं नव्हे, स्वस्तात द्या म्हणाला.

"इकली," सरजाबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"भंगारवाल्याला."

"कोणच्या? आपल्या फाट्यावरल्या? मी इचारतो त्याला."

"परभणीच्या!"

नसलेल्या मशीनला गिऱ्हाईक आलं, विक्री झाली, भंगारवाला लागला. सुकेशनी सासरहून आली होती. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "माय, आता हिच्यापायी एखादी म्हैस बी घ्यावी लागंल!"

हसणं तेवढंच. दवाखान्याचा खर्च शेठजींनी केला. नंतर एकदा मोसंब्यांची पिशवी पाठवली. बसून खायच्या कामाचं विचारायला सरजाबाई गेल्या, तेव्हा फाटकावरच्या नव्या वॉचमननं नाव विचारलं. रजिस्टर पाहून म्हणाला, "ह्या नावाची बाई हितं कवाच नव्हती." खरंच नव्हती. बायांची हजेरी व्यंकटरावांच्या खिशातल्या वहीत असे. सरजाबाई फाटकाशी दुपारपर्यंत बसल्या. आत पट्टा चालू होता. त्याच्यावर नवी कोरी जाळी दिसत होती, हिरव्या रंगाची. व्यंकटराव बाहेर आले नाहीत. त्या दिवाळीला लुगडंही आलं नाही.

सुकेशनीनंच सत्यशीला वकीलबाईंचं नाव काढलं. चष्म्यातून रोखून बघणारी, कमी बोलणारी बाई. सगळं ऐकून म्हणाल्या, "मावशी, भरपाई मिळेल, पण आधी ही कुट्टी तुमच्या कागदातून बाहेर काढावी लागेल." त्यांनी ग्रामपंचायतीतून दाखला मागवला. ग्रामसेवकानं विचारलं, "कोंबडी धरायची का?" शेवटी 'घरी एकही दुभतं अथवा ओढकाम करणारं जनावर नाही, विजेची मोटार नाही' असा दाखला मिळाला.

"आता एक साक्षीदार हवा. आतला," वकीलबाई म्हणाल्या.

"व्यंकट हाय की!"

"ते अजून तिथंच कामाला आहेत ना?"

"असू द्या. तो जीपमधी शेठसाठी बोलला, माझं भलं होईल म्हनून. कोर्टात खोटं बोलायचा न्हाई. भाऊ हाय माझा."

वकीलबाईंनी चष्मा पुसला. त्यांना भाऊ नसावा किंवा दोन-तीन असावेत.

परभणीच्या कोर्टात व्यंकटराव इस्त्रीचा सदरा घालून आले. सरजाबाईंना वाटलं, आपल्यासाठीच घातला. वकीलबाईंनी विचारलं, "ह्या बाईंना ओळखता?"

व्यंकटरावांनी पाहिलं, सरजाबाईंकडे नाही, त्यांच्या मागच्या खिडकीकडे.

"कुटंतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

वकीलबाईंनी लग्नाची पत्रिका पुढं केली. "मामा म्हणून हे नाव कोणाचं?"

"पत्रिकेत लोकं कुनाचंबी नाव टाकतेत, साहेब. आमाला इचारतंय कोण."

हात गेला तेव्हा सरजाबाई ओरडल्या होत्या, आता ओरडायची सोय नव्हती. दोन दिवसांचा रुसवा आणि पुरणपोळीचं पुरण त्यांना आठवलं, आणि कशाचा राग येतोय तेच कळेना.

जेवणाच्या सुट्टीत त्या नळावर गेल्या. तिथं व्यंकटराव ओंजळीनं पाणी पीत होते. सरजाबाईंनी एका हातानं बाटली धरली, तर झाकण काढायला दुसरा नव्हता. सवयीनं व्यंकटरावांनी झाकण काढून दिलं. मग काय केलं ते लक्षात येऊन खाली बघत राहिले.

"अक्का, मला ह्या वयात दुसरीकडं कोण ठिवतंय? शेठ म्हनला, बोललास तर तुला बी रजिस्टरात धुंडावं लागंल."

"भ्यालास?"

"भ्यालो."

"मंग हे आदी येऊन मला सांगायचं व्हतंस, व्यंकट. अक्का, मी भ्यालो, एवढंच. मी तुला बोलावलंच नसतं."

सरजाबाई बाटली तशीच उघडी घेऊन निघाल्या. पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडत होतं.

सुट्टीनंतर त्यांची मागल्या तारखेला राहिलेली उलटतपासणी पुढं सुरू झाली. शेठजींचा वकील तरणाताठा, खुशीत होता; सकाळचा साक्षीदार पचला होता.

"बाई, पोलिसांना जबाब तुम्हीच दिला? कुट्टीत हात गेला म्हणून?"

"दिला."

"खरा होता?"

"खोटा व्हता."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता! मग आज बोलताय ते खरं कशावरून?"

सरजाबाईंनी पदर सारखा केला.

"तवा खोटं बोलायला भाऊ संगं व्हता, साहेब. आज खरं बोलायला एकटीच हाय."

न्यायाधीशांनी मान वर केली आणि टंकलेखकाला म्हणाले, "जसंच्या तसं घ्या." वकिलानं कागद चाळले आणि खाली बसला. सरजाबाईंनी पानावर अंगठा देण्याआधी ते वाचून दाखवायला लावलं. 'जिनिंगच्या उघड्या पट्ट्यात' हे शब्द आले तिथं म्हणाल्या, "हे पुन्यांदा वाचा." टंकलेखकानं पुन्हा वाचलं. निकाल लागायला अजून दोन तारखा होत्या, आणि शेठजी वरच्या कोर्टात जातील हेही वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

सेलूला परतायला एकच पॅसेंजर. व्यंकटराव त्याच डब्यात चढले. सरजाबाईंना पाहून पुढच्या बाकड्यावर पाठ करून बसले. सरजाबाईंच्या शेजारी मानवत रोडला उतरणारी एक म्हातारी होती. तिनं बाहीकडं बघून विचारलं, "हाताला काय झालं माय?"

आजवर हा प्रश्न आला की सरजाबाईंच्या जिभेवर कुट्टीच यायची. इतकी सवय की कधीकधी त्यांना स्वतःलाच ती दारात उभी दिसे.

"जिनिंगच्या पट्ट्यात गेला," त्या म्हणाल्या. "जाळी काढली व्हती, बसवली न्हाई."

"अगं माय! अन् कुनी सांगितलं न्हाई का मालकाला?"

"सांगितलं की. मुकादमानं तीनदा सांगितलं."

"मंग चांगला मानूस म्हनायचा."

समोर इस्त्रीच्या सदऱ्याची पाठ ताठ झाली होती.

"व्हता," सरजाबाई म्हणाल्या, आणि म्हातारीला हात कसा गेला ते पहिल्यापासून, डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला बसल्या.