रबराचं रानडुक्कर

लीड्सजवळच्या आमच्या आर्चरी क्लबमध्ये एक निवृत्त मराठी डॉक्टर यायचे. धनुष्याला बांधलेला लोकरीचा धागा वाऱ्यात कसा हलतोय ते पाहिल्याशिवाय त्यांनी कधी बाण सोडला नाही. पूर्वी ते रानडुकरांच्या शिकारीला फ्रान्सला जायचे. इथे इंग्लंडमध्ये धनुष्याने शिकार करायला बंदी आहे.

एका वादळी रविवारी रबराच्या रानडुकरावर बाण मारायची स्पर्धा होती. माझा बाण लागला तेव्हा मी ओरडलोच. मग त्यांनी नेम धरला. धागा आडवा फडफडला, आणि त्यांनी ताणलेली दोरी सावकाश सैल केली.

"अहो काका, मारा ना! रबराचं तर आहे."

"अशाच वाऱ्यात एकदा खऱ्या डुकराला बाण मारला होता," ते म्हणाले. "पोटात लागला. दोन दिवस शोधलं त्याला. सापडलं नाही."

मी माझा बाण काढायला गेलो. तो पोटातच रुतला होता.