नसलेला वाढदिवस

आमची ही वारली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत लसूण सोलत बसलो होतो. वरच्या मजल्यावर पोरापोरींची पार्टी चाललेली, छत नुसतं दणदणत होतं. मी वरडायला उठलो. ती म्हणाली, "बसा. तुम्ही नाचलात तवा कुणी वरडलं का?"

खरं हाय. तेव्हा चिंचवडला चाळीत आमची एक खोली होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि कंपनीत मी टेंपररी. युनियन करायचं चाललं होतं, पण चार माणसं बोलताना दिसली की त्यांचं काम गेलंच म्हणायचं. सिनेमात तेव्हा श्रीमंतांच्या घरी पार्ट्या व्हायच्या. फुगे, केक, जोडीनं नाच. ते बघून हिच्याच डोक्यात आलं, कंपनीच्या गुरुवारच्या सुट्टीला माझा वाढदिवस करायचा. गाण्याच्या आवाजात आतलं बोलणं कुणाला ऐकू येतंय? मंडपवाल्याकडून रेकॉर्ड प्लेअर आणला, बेकरीतून केक.

दुपारी कंपनीतली आम्ही पोरं दाटीनं बसलो. ठरलं असं, की सकाळी सगळ्यांनी एकदमच युनियनचे बिल्ले लावून आत जायचं. एकट्याला काढतात, सगळ्यांना कसे काढतील? बिल्ले वाटायला घेतले, तोच दारात आमचा फोरमन. साहेबाचा कान. हिनं बिल्ले पदरात घेतले आणि पदर कमरेला खोचला.

"कसला धिंगाणा हा?"

"ह्यांचा वाढदिवस हाय, भाऊजी."

"ह्याला जन्मतारीख तरी ठाऊक हाय का?"

"न्हाई ना. म्हणून आज केला."

तो हसला नाही. खोलीत एकच खुर्ची, तीवर बसला. म्हणाला, मग नाचा की, मी बी बघतो. गड्यानं गड्याच्या कमरेत हात घातला. लेथवरचा पोरगा सारखा माझ्या पायावर पाय देत होता. रेकॉर्ड संपली की फोरमन दुसरी लावायला सांगायचा. हिला वाकायला लागायचं, आणि वाकली की बिल्ले खुळखुळायचे. मी खोकत सुटलो. घसा सोलवटला तरी खोकत होतो.

शेवटी केक खाऊन तो उठला. दारात माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"परमनंट व्हायचंय ना राव तुला? सकाळी गेटवर बघतो."

तो गेल्यावर पोरांतले दोघं म्हणाले, आता राहू द्या. बाकीचे खाली बघत बसले. हिनं एकेकाच्या हातावर बिल्ला ठेवला, माझ्याही.

सकाळी पहिली शिफ्ट. फोरमन गेटवर उभाच होता. मी बिल्ला खिशावर लावला, दिसेल असा, आणि त्याच्यासमोरून आत गेलो. बाकीचे येतात का ते बघायला थांबलो नाही.