फाटकापाशी चढणारा काटा

नवरा गेल्यानंतर गाडी मी चालवायला लागले. शिकले आधीच होते, गरज पडली नव्हती. घर आगरला, नोकरी तलासरीच्या एका सरकारी कार्यालयात. बस आहे, पण संध्याकाळी उशीर झाला की तिचा भरवसा नाही. म्हणजे गाडी असेल तर मी या घरात राहू शकत होते. नसेल तर बदली मागायची, घराला कुलूप लावायचं आणि कुठेतरी खोली बघायची.

वापीला राहणाऱ्या धाकट्या दिराचं ठरलं होतं. "वहिनी, जुनी गाडी, त्यात तापते. कुठेतरी मध्येच बंद पडली तर काय करणार? माझ्या ओळखीचा एक जण घेतोय. रविवारी येतो आणि घेऊन जातो. मुलांनाही आणतो, तुम्हालाही बरं वाटेल."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कारण गाडी खरंच तापत होती. निदान तसं दिसत होतं. आगरहून पूर्वेला जायचं तर रेल्वेचं फाटक लागतं. ते पडलं की सगळे इंजिन बंद करतात. एक मालगाडी जाते, मग एक्सप्रेस, मग उलट बाजूने आणखी एक. लोक उतरून चिकू विकत घेतात, एकमेकांच्या घरची चौकशी करतात. फाटक उघडल्यावर मी किल्ली फिरवली की तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकायला आलेला असायचा. मी घाबरून गाडी कडेला घ्यायचे.

तलासरीला हायवेलगतच्या गॅरेजवाल्याला दाखवली. त्याने बॉनेट उघडून बघितलं.

"बेन, हेड गॅस्केट असू शके. इंजिन खोलावं लागेल."

"असू शकेल म्हणजे आहे का?"

"खोलल्यावर समजेल."

"मग आधी मी माझ्या पद्धतीने बघते."

तो हसला. "बघा. पण चालवताना काट्याकडेच बघत बसू नका, थोडं रस्त्याकडे पण बघा."

माझी पद्धत साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि लिहून ठेवायची. सकाळी इंजिन गार असताना कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहिली; आठवडाभर तेवढीच. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नाही, म्हणजे गॅस्केट फाटून ऑइलमध्ये पाणी शिरलेलं नाही. पांढरा धूर नाही. पंखा वेळेवर सुरू होतो. चढावर, उन्हात, एसी लावून चालवली तरी काटा मध्यावर. म्हणजे चालताना काही नाही. जे होतं ते थांबल्यावर होतं.

शनिवारी सुट्टी होती. बोर्डीवरून झाईपर्यंत गेले, त्या वाटेवर फाटक नाही. काटा हलला नाही. झाईला सुकत घातलेल्या जाळ्यांजवळ गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिले. मासळी निवडणाऱ्या एका बाईने बराच वेळ माझ्याकडे बघितलं.

"कोणाची वाट बघताय, बाई?"

"कोणाची नाही. गाडी किती तापते ते बघतेय."

"मग सावलीत लावा की."

मी इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. काटा वर. इंजिन चालूच नव्हतं, तरी वर. मग सुरू केलं आणि गाडी जागेवर उभी ठेवली. काटा हळूहळू उतरला आणि मध्यावर येऊन थांबला. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, तापलेल्या लोखंडाची धग जागच्या जागी साठते. पुन्हा सुरू केलं की पाणी फिरतं आणि धग निघून जाते. बिघाड नव्हता. काटा उतरला नसता तर होता.

आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं, मग हे आधी का दिसलं नाही? आणि उत्तरही तिथेच मिळालं. आधी मी डावीकडे बसायचे. तिथून काटा दिसत नाही.

फाटक उघडल्यावर नवरा लगेच निघायचा नाही. इंजिन सुरू करून स्वस्थ बसायचा. मागचे हॉर्न वाजवायचे. मी म्हणायचे, "अहो, चला ना, लोक शिव्या देतायत." तो म्हणायचा, "देऊ दे. त्यांना घाई आहे, आपल्याला कुठे आहे?" मला तो स्वभावाचा आळस वाटायचा. तो काटा उतरायची वाट बघत होता. इतकी वर्षं, रोज, मी शेजारी असताना. सांगण्यासारखं त्याला त्यात काही वाटलं नसणार. आणि मला आता हे कोणाला सांगावं ते सुचेना. मासळीवाली बाई पाटी उचलून निघून गेली होती.

संध्याकाळी दिराला फोन केला. "गाडी ठीक आहे. विकणार नाही."

"नक्की ना? नंतर आम्हाला बोल लावू नका."

"नक्की."

"बरं. मग उद्याचं राहू दे. त्या माणसाला कळवतो."

"गाडीचं राहू दे. तुम्ही जेवायला या ना."

"बघतो, वहिनी. मुलांचे क्लास असतात रविवारी."

बाजाराची यादी लिहून झाली होती. आइस्क्रीम खोडलं, पापलेट खोडलं. बोंबलाचे तीन वाटे लिहिले होते, त्याचा एक केला. एक वाटा मला दोन्ही वेळेला पुरतो.