सागवानी विमान

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी आयुष्यात मोडण्यासारखी एकही वस्तू बनवली नाही. जालन्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत ते फिटर होते, पण सुट्टीच्या दिवशी सुतार, लोहार, गवंडी, म्हणाल ते. त्यांनी केलेला पलंग चौघांशिवाय हलत नसे, म्हणून अक्का त्याच्याभोवतीनंच झाडून घ्यायची. मुलीच्या लग्नात मांडवासाठी पुरलेले खांब तिला दोन लेकरं झाली तरी दारात उभे होते. उपटता येईनात, मग त्यांना म्हैस बांधायला लागले. कुठलीही वस्तू आधी तळहातावर जोखायची आणि हलकी लागली की "हे काय टिकतंय!" म्हणून खाली ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता. माझ्या सासुरवाडीहून आलेलं मनगटी घड्याळसुद्धा या परीक्षेत नापास झालं होतं.

निजामाचा अंमल संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. दाजींचा धाकटा भाऊ विलायतेला कारखान्यात नोकरीला होता. आईबाप लवकर गेल्यामुळे त्याला दाजींनीच वाढवलेलं. तो गेल्यापासून एकदाही घरी आला नव्हता. एक दिवस त्याच्याकडून भलंमोठं खोकं आलं. त्यात होतं एक विमान, तेही सुटं. आधीच कापून आकडे घातलेल्या पातळ फळ्या, कागद, तारा, चाकं आणि इंग्रजी पुस्तिका. सोबत चिठ्ठी: "दादा, हे जोडून ठेवा. संक्रांतीनंतर मी आठ दिवस येतोय. इंजिन आणि वायरलेसची पेटी घेऊन येईन. जमिनीवर उभं राहून पेटीनं चालवायचं विमान आहे, दोघं मिळून उडवू."

इंग्रजी वाचायला मला बोलावणं आलं, कारण मी शाळामास्तर. मी पोचलो तेव्हा दाजी एक फळी तळहातावर घेऊन सुतकी चेहऱ्यानं बसले होते. फळी भेंडासारखी हलकी होती.

"मास्तर, पोराला फसवलं हो गोऱ्यांनी! हे काय लाकूड झालं का?"

"दाजी, असंच असतं ते. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकाला काय जातंय? आठ दिवसांनी तो चालला जाईल. ही चीज इथंच राह्यली पायजे ना?"

त्यांनी प्रत्येक फळीच्या मापानं सागवान कापलं. कागदाच्या जागी फॅक्टरीतलं जाड कापड ताणलं, डिंकाच्या जागी खिळे ठोकले. दोन्ही हात पसरले तरी पंखांची टोकं हाताला लागत नसत, एवढं ते मोठं. महिनाभर माणूस फॅक्टरीतून आला की विमानाला बसे. "त्यानं बघितलं की खूश झाला पायजे," एवढंच म्हणे. मूळच्या फळ्या मात्र खोक्यात तशाच राहिल्या, कारण दाजींना टाकवत काही नसे.

भाऊ आला. इंजिनाच्या तेलात एरंडेल असतं हे ऐकून अक्काला विमानाची फार दया आली. चौथ्या दिवशी भोकरदनच्या रस्त्यावरच्या गायरानात अर्धी गल्ली जमली. इंजिन सुरू झालं आणि विमान धावत सुटलं. डावीकडं वळलं, उजवीकडं वळलं, दगडधोंडे तुडवत पार टोकाला गेलं. जमीन मात्र त्यानं सोडली नाही. लोक पोट धरून हसले.

"बराबर वळून राह्यलं!" दाजी अभिमानानं म्हणाले.

भावानं ते दोन्ही हातांनी कसंबसं उचललं. "दादा, लई जड झालं. उडायचं न्हाई हे."

दाजींचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच ते खोकं काढून भावापुढे ठेवलं. "तू सांग, तसं करतो."

पुढचे तीन दिवस दोघं भाऊ मांडीला मांडी लावून बसले. दाजींच्या हातात पहिल्या तीन फळ्या काडकन मोडल्या. "हळू, दादा," भाऊ म्हणे, आणि मोडलेल्या चिकटवून घेई. ज्याला दाजींनी पाना धरायला शिकवलं, तोच आता त्यांना बोटं हलकी ठेवायला शिकवत होता. अक्का चहा ठेवायला येई आणि डोळे पुसत जाई.

निघायच्या दिवशी सकाळी ते उडालं. खरंच उडालं! लिंबाच्या झाडावरून वर गेलं, एक मोठी घिरटी घातली. दाजी तोंड उघडं ठेवून बघत होते. आणि मग काय बिनसलं कोण जाणे, पेटीचं ऐकेनासं झालं आणि बाभळीत शिरून त्याचा चुराडा झाला.

"मोडलं हो, दादा," भाऊ रडवेला होऊन म्हणाला.

"मोडू दे. उडालं का न्हाई?" दाजी म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते.

दुपारच्या गाडीनं भाऊ गेला. महिन्याभरानं दाजी पत्र सांगायला आले. त्यांची पत्रं मीच लिहीत असे आणि प्रत्येकाच्या शेवटी "कधी येतोस?" ठरलेलं. खुशाली सांगून झाली, तशी मी ते आपणहून लिहायला घेतलं. त्यांनी माझा हात धरला.

"ते नका लिहू, मास्तर. लेकराचा जीव मग इकडंच अडकून राह्यतो."

"मग काय लिहू?"

"लिहा, लई उंच गेल्तं म्हणावं."

मी तेवढंच लिहिलं. पाकिटावर पत्ता घालताना मात्र माझे डोळे भरून आले.